लहानग्यांना घेऊन प्रवास: बॅगेत काय नेलंत, काय उगाच नेलंत?

आमची लेक सव्वा वर्षाची आहे. दिवाळीनंतर पुण्याहून गुहागरला आठवडाभर जायचं ठरलंय. पूर्वी आम्ही दोघं एकेक सॅक पाठीला लावून निघायचो. आता यादीच संपत नाहीये. मागच्या महिन्यात साताऱ्याला लग्नाला गेलो, तेव्हा दोन मोठ्या बॅगा भरून कपडे नेले. खंबाटकी घाटात ती ओकली आणि कोरडं झबलं डिकीतल्या सगळ्यात खालच्या बॅगेत! ते सापडेपर्यंत ती माझ्या ओढणीत कुडकुडत होती. फार वाईट वाटलं. म्हणून विचारतेय. गाडी, रेल्वे, विमान, सगळे अनुभव लिहा.

*

आम्ही दरवर्षी पुण्याहून आझाद हिंदने हावड्याला जातो, तीस तासांहून जास्त प्रवास. 5 वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. म्हणून मी खालचाच बर्थ घेते आणि लेकाला भिंतीकडे झोपवते.

खरा प्रश्न जेवणाचा. पेंट्रीतलं तिखट त्याला चालत नाही. त्यावर आईने सांगितलेला उपाय: तीन वाट्या पातळ पोहे कुरकुरीत भाजायचे, एक वाटी मूगडाळ तांबूस होईपर्यंत खमंग भाजायची, जिरं आणि चिमूटभर हिंग घालून एकत्र अगदी बारीक दळायचं. डाळ नीट भाजली नाही तर कच्चट लागते, तिथे घाई नको. गाडीत वाटीत चार चमचे पीठ, वर थर्मासमधलं कढत पाणी, दहा मिनिटं झाकण. वरून घरचं तूप. हा वास आला की माझा मुलगा चमचा घेऊन बसतो. आणि हो, पाणी तापवायची किटली नेऊ नका, डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटला ती लावायला रेल्वेची मनाई आहे.

*

मी चिपळूणचा. ताई, गुहागरला कुंभार्ली घाटाने येणार असाल तर कोयनानगरला अर्धा तास थांबा. लेकीला खाली सोडा, धावू द्या. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा गाडी लागत नाही, त्यामुळे साताऱ्याला बहुतेक पोटभर दूध पाजून लगेच निघाल्याचा त्रास झाला असेल. निघायच्या तासभर आधी थोडंसंच द्या.

एक कळकळीची विनंती. मुलीला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसू नका. अचानक ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलं तरी मूल हातात राहत नाही, आणि एअरबॅग उघडली तर ती थेट मुलावरच आदळते. कार सीट मागे लावा, मुलीचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून. दोन दिवस रडेल, मग सवय होते.

*

औषधांचं लिहितो, कारण तारकर्लीला आमच्या हातून चूक होता होता राहिली. रात्री मुलाला ताप चढला, घरची पॅरासिटामॉलची बाटली विसरलेली. गावातल्या दुकानातून दुसरी आणली आणि नेहमीसारखं 5 मिली मोजलं. पाजणार, तेवढ्यात बायकोने बॅटरीच्या उजेडात लेबल वाचलं. घरच्या बाटलीत 5 मिलीमध्ये 125 मिलिग्रॅम होतं, या बाटलीत 250. थेट दुप्पट! सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात आणि डोस मुलाच्या वजनावर ठरतो. तेव्हापासून निघण्याआधी बाळाचं वजन करून डॉक्टरांकडून डोस लिहून घेतो. त्या कागदाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये असतो. घरचीच बाटली आणि तिचंच मोजमापाचं झाकण पिशवीत.

ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर ते अख्खं 1 लिटर पाण्यात कालवायचं. अर्धं पाकीट पेल्यात ढवळून देऊ नका, प्रमाण बिघडतं. उरलेलं 24 तासांनी ओतून टाका.

*

न्यू जर्सीहून मुंबई, एकटी, दीड वर्षाच्या मुलीबरोबर. दोन वर्षांखाली मांडीवर नेता येतं, पण पंधरा तास मांडीवर म्हणजे कस लागतो. विमान उतरायला लागलं की कान दुखतात, तेव्हा अंगावर पाजत राहिले. गिळत राहिलं की दडा सुटतो. महागडी खेळणी बॅगेतच राहिली. कामाला आला मास्किंग टेपचा रोल. मी समोरच्या ट्रेवर तुकडे चिकटवायचे, तिने नखाने सोलून काढून माझ्या हातावर लावायचे. चाळीस मिनिटं एका जागी! स्वतःसाठीही एक जादा कुर्ता घ्या. माझा पहिल्याच तासात दुधाने भिजला आणि पुढचा सगळा प्रवास मी तसाच काढला.

*

मी आजी. रोजची गोधडी न धुता न्या. नव्या जागी मुलं वासावर झोपतात.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. पोहे-डाळीचं पीठ काल केलं, लेकीने वाटी निपटून खाल्ली. दोन झबली, लंगोट आणि ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी आता माझ्या खांद्यालाच असणार. गोधडी धुवायला काढली होती, ती परत घडी करून ठेवली. आता एकच विचारते: शू सांगायला ती नुकतीच शिकलीय. प्रवासात पॉटी सीट बरोबर नेता का, की तेवढे दिवस डायपरच बरा?