स्टोरी पॉइंटवरून रिलीजची तारीख कशी द्यावी?

ऐरोलीकर

नमस्कार. मी ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. आमचा ग्राहक वांद्रे-कुर्ला संकुलातील एक वित्तसंस्था असून कर्जखात्यांचे हप्ते आणि वसुली सांभाळणारी प्रणाली आम्ही त्यांच्यासाठी नव्याने बांधत आहोत. काम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक टप्प्यांत, चालते. प्रत्येक स्टोरी, म्हणजे ग्राहकाला उपयोगी पडणारा कामाचा छोटा तुकडा, किती मोठी हे सांगणारे स्टोरी पॉइंट प्लॅनिंग पोकर खेळून ठरतात, म्हणजे प्रत्येकजण आपल्या अंदाजाच्या आकड्याचे पान एकाच वेळी टाकतो. गणपतीनंतर व्यवस्थापनाने दोन फर्माने काढली. पहिले असे की एक पॉइंट म्हणजे आठ तास धरून टाइमशीटशी ताळा जुळवायचा, आणि दुसरे असे की तिन्ही टीमची व्हेलॉसिटी, म्हणजे दर स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट, एकाच तक्त्यात मांडून दरमहा तिचा आढावा घ्यायचा. तेव्हापासून आमची व्हेलॉसिटी चढतीच आहे, मात्र ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या स्टोरींची संख्या होती तेवढीच आहे. पूर्वी तीनवर मिटणारी स्टोरी आता पाचवर किंवा आठवर जाते. कोणी लबाडी करते असेही म्हणता येत नाही, कारण जरा शंका आली की मोठे पान टाकणेच सर्वांना सुरक्षित वाटते.

ग्राहकाला आता रिलीजची तारीख हवी आहे. कागदोपत्री मुदत ३१ मार्चची असली तरी वर्षअखेरीमुळे मार्चच्या उत्तरार्धात ते प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील प्रणालीला, हात लावू देत नाहीत, त्यामुळे खरी मुदत मार्चच्या मध्याची, म्हणजे आजपासून सुमारे १४ आठवड्यांची आहे. उरलेल्या पॉइंटना व्हेलॉसिटीने भागले तर काम जानेवारीअखेर संपेल असे उत्तर येते आणि त्यावर टीममधील एकाचाही विश्वास नाही. कंपनीने नेमलेले अजाइल कोच, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत शिकवणारे सल्लागार, म्हणतात की टीमला एस्टिमेशनचे प्रशिक्षण द्यावे लागेल. तारीख कशाच्या आधारे द्यावी, आणि पॉइंट सरळ मोडीत काढावेत का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

मुलुंडचा मास्तर

प्रशिक्षणाने हे सुटणार नाही. तुमच्या टीमला अंदाज बांधता येत नाही असे तुमच्या मजकुरात मला कोठेच दिसले नाही. ज्या आकड्यावर आपली तुलना होणार आहे तो आकडा लोक जपून टाकतात, इतकेच घडले आहे, आणि तुमच्या जागी दुसरी कोणतीही टीम असती तरी हेच घडले असते.

पॉइंट आणि तास यांची सांगड घालण्याचा आग्रह नवा नाही, किंबहुना त्यातूनच पॉइंट जन्माला आले. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बांधण्याच्या पद्धतीच्या सुरुवातीच्या काळात स्टोरीचा अंदाज 'आदर्श दिवसां'त देत असत, म्हणजे कोणी मध्येच उठवले नाही तर किती दिवस लागतील या हिशेबाने. प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट वेळ जाई, आणि मग एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का लागतात हा प्रश्न वरून येई. ती कटकट टाळण्यासाठी दिवस हा शब्द काढून पॉइंट म्हणू लागले. ही हकिकत त्या पद्धतीच्या प्रवर्तकांपैकी एक रॉन जेफ्रीज यांनी २०१९ साली लिहिली आहे, आणि पॉइंटची कल्पना कदाचित आपलीच असावी पण आज तिचा खेद वाटतो, असेही त्याच लेखात कबूल केले आहे. तुमच्या व्यवस्थापनाने पॉइंट पुन्हा आठ तासांशी बांधले, म्हणजे ज्या अडचणीतून सुटका करून घ्यायची होती तिथेच टीमला परत नेऊन बसवले. कोणी स्क्रमचा, म्हणजे स्प्रिंटमध्ये काम करण्याच्या पद्धतीचा, हवाला दिला तर तिची २०२० ची अधिकृत मार्गदर्शिका, स्क्रम गाइड, उघडून दाखवा. तिच्यात स्टोरी पॉइंटचा उल्लेख एकदाही नाही.

आता तारखेविषयी. पॉइंट बाजूला ठेवा आणि दर आठवड्याला किती स्टोरी पूर्ण झाल्या एवढेच मोजा. समजा, मागील दहा आठवड्यांत अनुक्रमे ३, ५, २, ६, ४, ४, १, ५, ३ आणि ७ स्टोरी पूर्ण झाल्या आणि ४८ शिल्लक आहेत. सरासरी आठवड्याला ४ पडते, म्हणून १२ आठवडे, असा हिशेब कोणीही करील. मात्र सरासरीने काढलेल्या या तारखेला काम पूर्ण होण्याची शक्यता जेमतेम निम्मी असते, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. त्याऐवजी हे दहा आकडे दहा चिठ्ठ्यांवर लिहावेत, एक चिठ्ठी उचलावी, आकडा टिपून ती परत टाकावी, आणि बेरीज ४८ होईपर्यंत किती चिठ्ठ्या उचलाव्या लागल्या ते नोंदवावे. हाच खेळ स्प्रेडशीटमध्ये काही हजार वेळा खेळता येतो, त्यालाच माँटे कार्लो पद्धत म्हणतात. वरच्या आकड्यांवर उत्तर असे येते की १२ आठवड्यांत काम संपण्याची शक्यता निम्म्याच्या किंचित वर, १३ आठवड्यांत सुमारे तीन चतुर्थांश आणि १४ आठवड्यांत शंभरात नव्वदच्या आसपास आहे. ग्राहकाला हे तिन्ही आकडे द्या आणि किती धोका पत्करायचा ते त्यालाच ठरवू द्या.

आणखी एक. बॅकलॉग, म्हणजे शिल्लक स्टोरींची यादी, स्थिर आहे असे वरच्या हिशेबात धरले आहे. दर आठवड्याला सरासरी एक स्टोरी नव्याने घुसत असेल तर निव्वळ वेग ३ वर येतो आणि त्याच ४८ स्टोरींना सरासरीनेच १६ आठवडे लागतात. तुमची मुदत तेवढ्यानेच हुकते, टीमने कितीही झटून काम केले तरी.

प्लॅनिंग पोकर मात्र बंद करू नका. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली तो मांडला, तेव्हा दोघे बोलत बसतात आणि बाकीचे गप्प राहतात ही त्यांची मुख्य तक्रार होती. एकाने ३ आणि दुसऱ्याने १३ चे पान टाकले की कोणाला तरी काही तरी ठाऊक आहे जे इतरांना नाही, हे लगेच उघड होते. ती चर्चा करा, स्टोरी मोठी वाटली तर तोडा आणि आकडा तिथेच सोडून द्या.

बीकेसी पलीकडून

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे ग्राहकाच्या बाजूला बसते, म्हणून थोडे वेगळे मत मांडते. शक्यतांचा तक्ता घेऊन मी आमच्या वरिष्ठांसमोर गेले तर पहिला प्रश्न येतो, "नक्की तारीख कोणती?" आणि तो प्रश्न गैर नाही. आमच्या क्षेत्रात अनेक तारखा आम्ही ठरवतच नाही. कर्जावरील दंडात्मक व्याज बंद करून त्याजागी दंडात्मक शुल्क आकारण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. नव्या कर्जांसाठी त्याची अंमलबजावणी पुढे १ एप्रिल २०२४ पासून ठरली, तेव्हा आमच्यापैकी कोणीही "नव्वद टक्के शक्यता आहे" असे म्हणू शकत नव्हते.

मात्र त्याच आदेशात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी होती. जुन्या कर्जांना ३० जून २०२४ पर्यंतची सवलत मिळाली होती, म्हणजे कामाचे दोन तुकडे नियामकानेच पाडून दिले होते. पुरवठादाराने डिसेंबरमध्येच येऊन "नवी खाती वेळेत होतील, जुन्या खात्यांसाठी वेळ द्या" असे सांगितले तर मी ते वरपर्यंत नेऊ शकते. तेच वाक्य मार्चच्या दहा तारखेला ऐकावे लागले तर माझ्या हाती काहीच उरत नाही. तुमच्या यादीतील कोणता भाग एप्रिलनंतर गेला तरी चालेल हे ग्राहकाला विचारले आहे का? बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही, आणि आम्ही सगळेच अत्यावश्यक म्हणून लिहून देतो.

जुनी टेस्टर

'पूर्ण' म्हणजे काय, हे आधी ठरवा. वसुलीच्या प्रणालीत हप्ता परत आल्यावर शुल्क लावण्याची एक स्टोरी हमखास असते. डेव्हलपर ती तीन दिवसांत लिहितो, फलकावरचे कार्ड 'डन'मध्ये सरकते आणि व्हेलॉसिटीत पाच पॉइंट जमा होतात. चाचणीसाठी नॅचची (बँक खात्यातून हप्ते आपोआप वसूल करणाऱ्या यंत्रणेची) रिटर्न फाइल लागते, म्हणजे कोणत्या कारणाने कोणता हप्ता परत आला त्याचे कोड असलेली खरीखुरी नमुना फाइल. ती ग्राहकाच्या ऑपरेशन्स विभागाकडून यायची असते. तिथले साहेब रजेवर, मग माहिती-सुरक्षा विभागाची परवानगी, मग खातेक्रमांक झाकून पुन्हा तयार केलेली फाइल, आणि ती आली की कळते की खात्यात पुरेशी शिल्लक नसणे या एकाच कारणाच्या नोंदी तिच्यात आहेत. ती स्टोरी पाचची होती की आठची, याने काय फरक पडला? लिहायला लागलेले दिवस आणि ताटकळत पडलेले दिवस वेगळे मोजून पाहा. माझ्या अनुभवात दुसरा आकडाच मोठा निघतो, आणि तो टाइमशीटमध्ये कोठेही दिसत नाही.

ऐरोलीकर

सर्वांचे आभार. ग्राहकाने यूएटीत, म्हणजे त्याने स्वतः करायच्या चाचणीत, स्वीकारलेली तीच स्टोरी पूर्ण, असे धरून मागील आठवड्यांचे आकडे काढले, तर ते मास्तरांच्या उदाहरणापेक्षा बरेच खाली आले, आणि १४ आठवड्यांत सगळे बसण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी निघाली. यूएटीच्या दारात थांबलेल्या स्टोरींची रांग पाहून आमचे डिलिव्हरी मॅनेजरही काही वेळ गप्प झाले. जुन्या खात्यांचे स्थलांतर एप्रिलनंतर नेता येईल का, हे ग्राहकाला या आठवड्यात विचारत आहोत.

तीन शंका राहिल्या आहेत. दिवाळीच्या आठवड्यात जवळजवळ काहीच पूर्ण झाले नाही, तो आकडा चिठ्ठ्यांतून वगळावा का? करार फिक्स्ड प्राइसचा, म्हणजे आधीच ठरलेल्या रकमेचा, असल्याने व्यवस्थापनाला तास हवेतच, त्यांना काय सांगावे? आणि तीन टीमच्या तुलनेचा तक्ता कसा थांबवावा?

मुलुंडचा मास्तर

दिवाळीचा आकडा राहू द्या. पुढील १४ आठवड्यांत दिवाळी नसली तरी नाताळच्या रजा, २६ जानेवारी, होळी आणि एखादा आजारपणाचा आठवडा आहेच. गैरसोयीचे आकडे एकदा वगळू लागलात की थांबायचे कोठे, हा प्रश्न येतो. वगळायचाच असेल तर हिशेबाच्या शेजारी तसे स्पष्ट लिहा, म्हणजे ग्राहक स्वतः ठरवू शकेल.

तास टाइमशीटमध्ये भरा. किती खर्च झाला हे त्यातून कळते आणि फिक्स्ड प्राइसमध्ये कंपनीला ते कळायलाच हवे, त्यात वावगे काही नाही. फक्त झालेल्या तासांवरून पुढील स्टोरीचे पॉइंट ठरवणे बंद करा. दोन्ही नोंदी वेगळ्या राहिल्या की वाद आपोआप बराच कमी होतो.

तक्त्याविरुद्ध भाषण देऊ नका, कोणी ऐकणार नाही. तुमच्या टीमचे गणपतीपूर्वीचे आणि नंतरचे पॉइंट एका ओळीत आणि ग्राहकाने स्वीकारलेल्या स्टोरी त्याखालच्या ओळीत मांडून मॅनेजरांना द्या. वरची ओळ चढते आणि खालची सपाट राहते, हे त्यांनी स्वतः पाहिले की पुढचा प्रश्न तेच विचारतील. तुमच्या कोचसाहेबांनाही त्या बैठकीत बसवा. टीमला अंदाज शिकवण्यापेक्षा ग्राहकाच्या ऑपरेशन्स विभागात दर बुधवारी तासभर बसून अडलेल्या फाइली सोडवून आणणे, हे त्यांच्या हुद्द्याला अधिक शोभेल. हे थोडे खोचक वाटेल, पण मला तसेच म्हणायचे आहे.

जुनी खाती एप्रिलनंतर न्यायला ग्राहकाने होकार दिला तर त्याच ईमेलमध्ये आणखी एक ओळ लिहून घ्या : मार्चच्या मध्यापर्यंत नवी स्टोरी आत आली की साधारण तेवढीच दुसरी बाहेर जाईल, आणि कोणती जाईल हे ग्राहकाचा प्रॉडक्ट ओनर (कामांचा अग्रक्रम ठरवणारा माणूस) ठरवील. ही ओळ जानेवारीपूर्वी मिळाली पाहिजे. फेब्रुवारीत तीच ओळ मागायला गेलात तर तुम्ही पळवाट शोधत आहात असे त्यांना वाटेल.