मदत हवी आहे: केमनला १८ इंची चाकं की २० इंची?

मंडळी, जुनी पोर्शे ७१८ केमन घ्यायचं ठरतंय. पुण्यात दोन गाड्या बघितल्या आणि आता चाकांवरच गाडं अडलंय.

पहिलीला १८ इंची चाकं, साधं सस्पेन्शन. दुसरीला २० इंची, शिवाय पीएएसएम, म्हणजे रस्ता आणि मोड बघून मऊ-कडक होणारे डॅम्पर (शॉक अ‍ॅब्झॉर्बर). दिसायला दुसरीच देखणी. पण तिचे पुढचे टायर २३५/३५ (रुंदी २३५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ३५ टक्के), म्हणजे रिमच्या कडेखाली जेमतेम ८२ मिलिमीटर उंचीची भिंत. १८ इंचीला २३५/४५, तिथे साधारण १०६. खड्ड्याचा दणका आधी हे रबर आणि आतली हवा झेलते, डॅम्परचा नंबर नंतर. दुसरी गाडी सिमेंटच्या रस्त्यावर छान धावली, पण प्रत्येक जोडावर टक्क करून धक्का थेट मणक्यात. शेजारी बायको होती, तिला कमरेचा त्रास. तिने दाराची मूठ शेवटपर्यंत सोडली नाही. त्यात पीएएसएमची गाडी १० मिलिमीटर खाली बसते, म्हणजे सोसायटीच्या गतिरोधकाची वेगळीच धास्ती.

महिन्यातून दोनदा पसरणी घाटाने पाचगणीला जायचंय, दोघांनी, आनंदाने.

माझा कल असा: पीएएसएमची गाडी घेऊन तिला १८ इंची चाकं बसवायची. कोणी केलंय का? वळणावर गाडी सैल वाटते का? साधं सस्पेन्शन रोज चालवणाऱ्यांनी तर जरूर लिहा. आणि गार टायरमध्ये हवा किती ठेवता? रविवारी टोकन द्यायचंय.