'बॅडलँड्स'मधला मार्टिन शीन: अंगावर येणारा अभिनय की नुसता कोरा चेहरा?

राजारामपुरी_नववी_गल्ली
दिग्दर्शक टेरेन्स मॅलिकचा 'बॅडलँड्स' (१९७३) हा सिनेमा बघितल्यापासून आमच्या ग्रुपात जुंपलीय, ती काही मिटेना. म्हणून इथं मांडतो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साउथ डाकोटातलं लहान गाव. कचऱ्याच्या गाडीवर काम करणारा पंचविशीतला किट (मार्टिन शीन) आणि पंधरा वर्षांची हॉली (सिसी स्पेसेक). तिच्या बापाला हे प्रकरण पसंत नाही. किट त्याला गोळी घालतो, घर पेटवून देतो आणि दोघं पळत सुटतात. पुढं मुडदे पडत जातात.

असला रोल मिळाला की नट डोळे वटारतात, मानेच्या शिरा ताणतात. शीननं त्यातलं काही केलेलं नाही आणि म्हणूनच तो अंगावर येतो, असं माझं ठाम मत आहे. बापाचं प्रेत तळघरात ठेवून किट वर येतो तेव्हा त्याच्या हातात टोस्टर असतो. खाली सापडला म्हणून सांगतो. आवाजात थरथर नाही, माज नाही, पश्चात्ताप तर लांबच. अडगळीत कामाची वस्तू गावली याचं साधं समाधान. मला त्या टोस्टरची जेवढी भीती वाटली तेवढी पुढच्या एकाही गोळीबाराची वाटली नाही.

आणि शेवट बघा. पोलिस पाठीवर असताना हा गाडीच्या आरशात स्वतःला न्याहाळतो. मग गाडी थांबवून आपलाच टायर फोडतो आणि आपण पकडलो गेलो ती जागा लोकांना कळावी म्हणून दगडांचा ढीग रचतो. नंतर कंगवा, लायटर असल्या चिजा पोलिसांना वाटून टाकतो. आपण हॉलिवूडच्या जेम्स डीन या नटासारखे दिसतो एवढ्या एका गोष्टीवर या माणसानं आयुष्य उधळलंय. हॉलीवर त्याचं प्रेम असेलही, पण त्याहून जास्त त्याला बघणारं कुणीतरी हवंय. ही भूक शीननं चेहऱ्याची एक रेघ न हलवता दाखवलीय.

तिसरी_घंटा
दादा, मी राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलीत. केशवराव भोसले नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोचवायचा म्हणजे काय कष्ट असतात ते मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्ही ज्याला शीनचा अभिनय म्हणताय ते बरंचसं दिग्दर्शकाचं काम आहे. प्रेतं पडत असताना मागं कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराचं संगीत वाजतं, मुलांना वाद्यं शिकवण्यासाठी बांधलेल्या रचनांमधलं. त्या विसंगतीनंच पोटात गोळा येतो. वर हॉलीचं भाबडं निवेदन. हे सगळं काढून टाका आणि नुसता शीन बघा. काय उरतं? छान दिसणारा, निवांत बोलणारा पोरगा. याच वाटेवरचा 'नॅचरल बॉर्न किलर्स' (१९९४) घ्या. त्यात वुडी हॅरल्सन स्वतःला जाळून घेतो. तो भडक आहे, मान्य. पण तिथं नटानं काहीतरी पणाला लावलंय हे दिसतं तरी.

पंचगंगा_घाट
ताई, रागावू नका, पण पणाला लावणं म्हणजे ओरडणंच काय? आपले निळूभाऊ फुले आठवा. त्यांचा पाटील कधी बोंबलायचा काय? आवाज खाली, शब्द लांबवलेला, नजर तिरकी, आणि थेटरातल्या बायका बोटं मोडायच्या. लई ताकद लागते त्याला. अजून मागं जावा. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' केला तेव्हा पडद्याला आवाजच नव्हता. त्यात तरुण शेतकरी झालेले शांताराम आपल्या याच मातीतले. कोल्हापूरकरांनी तरी हळू अभिनयाला कमी लेखू नये.

तिसरी_घंटा
निळूभाऊंचं उदाहरण माझ्याच बाजूनं आहे, काका. त्यांच्या पाटलाला काय हवंय ते प्रत्येक वाक्यात कळतं. बाई हवी, जमीन हवी, गावावर वचक हवा. आवाज खाली असला तरी आतली हाव उघडी असते. शीनच्या किटला नेमकं काय हवंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

राजारामपुरी_नववी_गल्ली
ताई, डिक्टाफोनचा प्रसंग परत बघा. श्रीमंत माणसाचं घर ताब्यात घेतल्यावर किट त्याच्या यंत्रात पोरांसाठी उपदेश बोलून ठेवतो. आईवडिलांचं ऐका, शिक्षकांचं ऐका. हा, ज्यानं हॉलीच्या बापाला मारलंय! आणि शीन तो उपदेश मनापासून देतो, पालकसभेला आलेल्या जबाबदार गृहस्थासारखा. त्याला प्रतिष्ठित व्हायचंय. चार लोकांनी आपलं ऐकून घ्यावं, एवढीच हाव. ती निळूभाऊंच्या पाटलाइतकीच उघडी आहे, फक्त तिला आपल्याकडं ओळखीचं रूप नाही.

मंगळवार_पेठेची_लेक
सगळे शीनवरच भांडताय. सिनेमा स्पेसेकचा आहे. किटनं आपल्याच मित्राच्या, केटोच्या, पोटात गोळी घातलीय, तो आत पडून मरतोय, आणि हॉली त्याच्याजवळ बसून विचारते की तुझा हा बाटलीतला कोळी चावतो का. मी तो प्रसंग थांबवून थांबवून बघितला. ती क्रूर नाही, बधिरही म्हणवत नाही. घरी आलेल्या पाहुण्याशी काय बोलावं ते न सुचलेली पोरगी आहे ती. शीनला निदान जेम्स डीनचा आधार होता. हिला पकडायला काहीच नाही.

शाहूपुरी_४११
मला या सगळ्या कौतुकाचाच त्रास होतोय. कथा चार्ल्स स्टार्कवेदर हा खरा खुनी आणि त्याच्यासोबतची मुलगी कॅरिल अ‍ॅन फ्युगेट यांच्यावरून सुचलेली आहे. १९५७-५८ मध्ये नेब्रास्का आणि वायोमिंगमध्ये ११ माणसं मेली. त्यात त्या मुलीची आई, सावत्र बाप आणि दोन वर्षांची बहीणही होती. मुलगी १४ वर्षांची. मला ओलीस ठेवलं होतं, असं ती सांगत राहिली, तरी तिला जन्मठेप झाली. सिनेमात मात्र आई आधीच वारलेली, बहीण नाही, हॉली राजीखुशीनं गेलेली. शेवटी ती शिक्षेतून सुटते आणि वकिलाच्या मुलाशी लग्न करते. सिनेमा लागला तेव्हा खरी मुलगी तुरुंगात होती. ती पॅरोलवर सुटली १९७६ ला. शीन जितका गोड दिसतो तितकी ती माणसं पुसली जातात. अभिनय उत्तम आहे, हीच माझी तक्रार आहे.

पंचगंगा_घाट
हे वजनदार बोललात. पण शीननं किट कुरूप, खुनशी केला असता तर आपण पहिल्याच रिळात त्याला ओळखून मोकळे झालो असतो. खऱ्या पोरी असल्या गोड माणसांच्याच मागं जातात. 'सैराट' बघून आपण रडलो कारण आर्ची-परश्यानं कुणाचं वाईट केलं नव्हतं. इथं पळणारेच खुनी, आणि तरी ते सुटावेत असं मधेच वाटून जातं. मला तरी ते वाटलं, आणि ते शीननं वाटायला लावलं.

शाहूपुरी_४११
काका, मला तसं एकदाही वाटलं नाही. केटो शेतातून धडपडत घराकडं येतो तिथंच किट माझ्यापुरता संपला. त्यानंतर शीन कितीही देखणा दिसला तरी मी मेलेल्यांचीच चेहरेपट्टी शोधत होतो, आणि कॅमेरा ती फार वेळ दाखवत नाही.

तिसरी_घंटा
डिक्टाफोनचा प्रसंग परत बघितला. उपदेश तो खरंच मनापासून देतो, तेवढं शीनचं. पण त्या आधी तो त्या घरात फिरतो, खुर्च्यांना हात लावतो, तिथं मला अजूनही नट दिसत नाही, नुसती सुंदर फ्रेम दिसते. मंगळवार पेठेच्या ताईंना माझं मत. कोळ्याच्या प्रसंगासमोर शीनचं एकही दृश्य मी ठेवणार नाही.