विज्ञान दिनाचं नाटक – सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-३०४: नमस्कार मंडळी. कोणाला दुखवायचा हेतू नाही पण विचारल्याशिवाय राहवत नाही. विज्ञान दिनाच्या, फॅरेडे या शास्त्रज्ञावरच्या नाटकात आपली मुलं चर्चमध्ये हात जोडून उभी का आहेत? काल खाली जाताना हॉलमध्ये डोकावलो तर तेच चाललेलं. विज्ञान कुठाय त्यात?

नाना बी-१०२: तालमीला हॉलचे सगळे पंखे सगळे दिवे चालू असतात. बिल कोण भरणार? कमिटीने खुलासा करावा.

सेक्रेटरी: नाना तो विषय वेगळा. ए-३०४, माईंनी लिहिलंय, त्याच सांगतील.

सी-२०२: आणि २८ फेब्रुवारी हा रामन यांचा दिवस ना, मग हा फॅरेडे कशाला मधेच

काकू ए-१०१: रामन गेल्या वर्षी झाले की. त्याआधी जगदीशचंद्र बोस, कुंडी फुटली होती बघा 😀

सी-२०२: ती कुंडी आमची होती. अजून भरून मिळालेली नाही.

माई बी-४०१: डोळ्यात ड्रॉप घातले होते म्हणून आत्ता बघतेय. फॅरेडे लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, बुकबाइंडरकडे उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. मोठे रसायनशास्त्रज्ञ डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, नोट्स काढल्या, स्वतः बाइंड करून त्यांनाच पाठवल्या आणि १८१३ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत जो चिकटला तो कायमचा. हा पहिला प्रवेश. चर्चचा तिसरा. तुम्ही नेमके तिसऱ्याला डोकावलात त्याला मी काय करणार.

ए-३०४: माई तुमच्याबद्दल आदर आहेच. पण मग तिसरा काढून टाका ना. मोटर दाखवा, डायनामो दाखवा, टाळ्या, वडापाव, संपलं. धर्म ज्याचा त्याच्या घरात.

आप्पा डी-५०२: सहमत. खरा वैज्ञानिक देवाधर्मात नसतोच. मुलांना चुकीचा मेसेज जातो.

माई बी-४०१: आप्पा, तुम्ही बोलताय? टेरेसवर प्लँचेट कोणी केलं होतं, वाटी हलली म्हणून तुमचे साडू घाबरून रिक्षा करून घरी गेले होते

आप्पा डी-५०२: ते गमतीत होतं.

माई बी-४०१: लंडनमध्येही तेच फॅड होतं, माणसं टेबलाभोवती हात ठेवून बसायची आणि टेबल फिरायचं. फॅरेडेने १८५३ मध्ये हाताखाली सरकणारे पुठ्ठे ठेवून दाखवून दिलं की आत्माबित्मा काही नाही, बसलेली माणसंच नकळत ढकलतायत. आणि हाच माणूस रविवारी चर्चमध्ये एल्डर म्हणजे वडीलधारा म्हणून उपदेश करायचा. दोन्ही एकाच डोक्यात होतं. मला तेच दाखवायचंय, नुसता डायनामो तर यूट्यूबवर आहे.

नाना बी-१०२: हॉलचं बिल कोण भरणार ते कोणी सांगेल का?

बी-३०१: नाना फॅरेडे नसता तर बिलच आलं नसतं, त्यालाच पाठवा 😂

सी-२०२: आज चर्च, उद्या अजून काय. मुलांवर परिणाम होतो.

काकू ए-१०१: अहो ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांच्या कविता शाळेत पाठ केल्यात ना तुम्ही? तेव्हा कोण बाटलं? पंडिता रमाबाईंनी पुण्यात विधवांसाठी शारदा सदन चालवलं ते विसरलात का

सी-२०२: तो विषय वेगळा.

काकू ए-१०१: तुमचा प्रत्येक विषय वेगळाच असतो. पार्किंगचाही वेगळाच होता.

सेक्रेटरी: कृपया पार्किंग नको. 🙏

माई बी-४०१: ए-३०४, काढता का येत नाही ते सांगते. सँडेमनियन म्हणून छोटासा ख्रिस्ती पंथ होता, त्यातला हा फॅरेडे. जून १८२१ ला लग्न, आणि महिनाभरात बायकोला न सांगता सभेत उभं राहून विश्वासाची कबुली दिली.

बी-३०१: बायकोला न सांगता? शूर माणूस

माई बी-४०१: त्या पंथात पैसा साठवणं बरं मानत नसत, मोठेपणाचं तर नावच नको. म्हणून नाइटहूड म्हणजे ‘सर’ पदवी नाकारली, रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचं अध्यक्षपद नाकारलं, मानाच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरून घेतलं नाही, साधं हायगेटच्या दफनभूमीत. आणि वीज चुंबक प्रकाश यांचं मूळ एकच असणार असं जे त्याला आतून वाटायचं त्यामागे एकच कर्ता ही श्रद्धा होती. चर्च काढलं तर हा माणूस असा का वागला ते मुलांना कळणारच नाही, वेडा होता असं वाटेल. हां, एक तुमचं खरं, व्याख्यानात त्याने कधी धर्म घुसवला नाही. ते मी सहाव्या प्रवेशात घेतलंय.

अंकल बी-२०३: मी सहसा लिहीत नाही. माई, पडद्यावरचा मोठा क्रॉस आणि मेणबत्त्या काढा. त्या लोकांची सभा अगदी साधी, पगारी पाद्री नाही, दुपारी सगळे एकत्र जेवायचे आणि कुठलाही निर्णय एकमताने व्हावा लागायचा.

बी-३०१: एकमताने??? मग फॅरेडेला आपल्याकडे फ्लॅट नको देऊ, एजीएममध्येच जाईल तो

माई बी-४०१: क्रॉस उद्या उतरवते. हे मला आधी का नाही सांगितलंत

अंकल बी-२०३: कोणी विचारलं नाही. आणि काल एका मुलाने आमेनच्या जागी मोरया म्हटलं. आम्हाला चालेल.

नाना बी-१०२: मोरया ठीक. बिलाचं काय?

वहिनी सी-४०४: ए-३०४ भाऊजी, तुमच्या चिरंजीवांचा रोल काय आहे हो?

ए-३०४: त्याचा इथे संबंध नाही.

वहिनी सी-४०४: सहजच विचारलं.

ए-३०४: सुई. गॅल्व्हानोमीटरची, म्हणजे वीज वाहतेय का ते दाखवणाऱ्या यंत्राची सुई. सी विंगचा मुलगा फॅरेडे आणि माझा मुलगा सुई. ऑडिशन कधी झाली ते आम्हाला समजलंच नाही.

बी-३०१: 😶

माई बी-४०१: मेसेज टाकला होता, तुमच्याकडे ग्रुप म्यूट असेल. आणि सुई म्हणजे काय समजलात? २९ ऑगस्ट १८३१, फॅरेडेचा प्रयोग. लोखंडी कडं, दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेटोळी, मधे कापड आणि सुतळी कारण तेव्हा कोटिंगवाली तार मिळत नव्हती. आपलं कडं फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलंय, तार तपकीर गल्लीतली, पोरांनी स्वतः गुंडाळलीय, हाताला फोड आलेत. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली की दुसऱ्याची सुई एकदा झटका खाते आणि परत जागेवर. बॅटरी चालू आहे तोवर ढिम्म. तोडली की उलट्या बाजूला झटका. सगळा शोध त्या दोन झटक्यांत आहे आणि मधे स्तब्ध उभं राहायला बाकी एकाही पोराला जमेना, तुमच्याच मुलाला जमतं. फॅरेडेला वाक्यं आहेत, कोणीही पाठ करेल.

ए-३०४: हे तो घरी बोलला नाही.

माई बी-४०१: सुई बोलत नाही.

आप्पा डी-५०२: 👏 पण वैज्ञानिक दृष्टिकोनाचा माझा मुद्दा कायम आहे. खरा वैज्ञानिक देवाधर्मात नसतोच.

काकू ए-१०१: आप्पा वाटी हलली 😂

सेक्रेटरी: नाना, तालमीचं बिल सांस्कृतिक निधीतून जाईल, अर्धे पंखे बंद ठेवायला सांगतो. सी-२०२, कुंडीचं पुढच्या मीटिंगला. विषय बंद करावा ही विनंती.

सी-२०२: दोन मीटिंगा हेच ऐकतोय.

ए-३०४: माई, लाल टी-शर्ट लागेल म्हणाला होता. फुल हातांचा की हाफ?

माई बी-४०१: फुल. आणि उद्या तालीम सातला. सातला म्हणजे सातला.