तांग काळातले परदेशी गुलाम नक्की कुठले होते?

जुनाट_खापर:
चीनमधल्या तांग घराण्याच्या काळातल्या (६१८ ते ९०७) कबरींमधल्या मातीच्या बाहुल्यांचे फोटो बघत बसलो होतो. त्यात काही कुरळ्या केसांचे, काळेसावळे, कमरेला नुसतं वस्त्र गुंडाळलेले, खाली लिहिलंय 'कुनलुन गुलाम'. म्हणजे आफ्रिकेतून माणसं पार चीनपर्यंत विकली जायची का? मला तर वाटायचं तिथे गुलाम म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या बायकापोरं, सरकारजमा केलेली.

समुद्रवारा:
तुमचं तेही बरोबरच आहे, बहुतेक गुलाम तिथलेच असायचे. आणि कुनलुन म्हणजे लगेच आफ्रिका असं नका समजू, दक्षिणेकडच्या समुद्रापलीकडच्या सगळ्या सावळ्या लोकांना ते सरसकट कुनलुन म्हणायचे, त्यात बरेचसे आग्नेय आशियातले. आफ्रिकेतले पण पोचले, अरब व्यापाऱ्यांच्या मार्फत. पुढे सोंग काळात, १११९ च्या सुमारास झू यू नावाच्या माणसाने दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू बंदराबद्दल लिहून ठेवलंय की तिथले श्रीमंत लोक असे गुलाम पाळतात, शिजवलेलं अन्न दिलं की त्यांना आधी जुलाब होतात, आणि जहाजाला गळती लागली की त्यांनाच बाहेरून भोक बुजवायला पाण्यात उतरवतात कारण ते पाण्याखाली डोळे मिटत नाहीत म्हणे. जुलाबाची नोंद एखाद्या जनावराबद्दल करावी तशी केलीय, वाचताना कसंतरीच होतं.

वाळवंटी_उंट:
सगळे समुद्राकडेच का बघताय, रेशीम मार्ग विसरलात की. आत्ताच्या वायव्य चीनमधल्या तुर्फानजवळच्या अस्तानाच्या कबरींत ६३९ सालचं सोग्दी भाषेतलं (समरकंदकडच्या व्यापाऱ्यांची भाषा) खरेदीखत सापडलंय, म्हणजे तांग सैन्याने तिथलं राज्य घ्यायच्या बरोबर एक वर्ष आधीचं. समरकंदचा माणूस विकणारा, उपाच नावाची मुलगी, किंमत १२० चांदीची इराणी नाणी. पुढे लिहिलंय की घेणाऱ्याने तिला मारावं, बांधावं, विकावं, कुणाला भेट द्यावं, काहीही करावं. आणि घेणारा कोण, तर बौद्ध भिक्षू!! हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो.
तांग कायद्यात पण गुलाम म्हणजे गुराढोरांच्या बरोबरीचा माल, सरळ तसंच लिहिलंय.

समुद्रवारा:
अरे हो, कोरियातल्या मुली राहिल्याच. सिल्ला राज्याच्या किनाऱ्यावरून चाचे माणसं उचलायचे आणि चीनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शानदोंगकडे नेऊन विकायचे. ८२० च्या दशकात तांग दरबाराने त्याविरुद्ध फर्मानं काढली, पण धंदा काही थांबेना. शेवटी चीनच्या सैन्यात नोकरी केलेला जांग बोगो ८२८ मध्ये परत गेला, सिल्लाच्या राजाला म्हणाला चीनमध्ये जाल तिथे आपली माणसं गुलाम दिसतात, मला सैन्य द्या, आणि वांदो बेटावर तळ ठोकून त्याने चाच्यांना हाकललं.

जुनाट_खापर:
बापरे, भिक्षूचं तर डोक्यातून जाईना. पण यातून कुणी वर आलं का कधी?

वाळवंटी_उंट:
तांगच्या आधीचा शी ले बघा. जिए जमातीचा, तरुणपणी पकडून शानदोंगला विकला, नेताना दोघादोघांच्या गळ्यात एकच खोडा. मालकाने त्याला सोडून दिलं, आणि ३१९ मध्ये त्याने स्वतःचं राज्य उभं केलं, इतिहासात त्याला 'नंतरचं झाओ' म्हणतात. ३३० मध्ये तर बादशहा झाला. पण असा एखादाच हं, उपाचचं पुढे काय झालं ते त्या कागदात कुठे लिहिलेलं नाही.