६० व्होल्टच्या एलएफपी आणि एनएमसी पॅकची घरगुती तुलना: चाचणीची पद्धत बरोबर आहे का?

नमस्कार. म्हापशाजवळ माझा दुचाकी भाड्याने देण्याचा छोटा व्यवसाय आहे. त्यातील चार इलेक्ट्रिक स्कूटरच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या निकामी झाल्याने लिथियम पॅक घ्यायचे आहेत. त्याआधी पारख व्हावी म्हणून दोन नमुने आणले. एक लोह-फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपी, आणि दुसरा निकेल-मँगनीज-कोबाल्टचा, म्हणजे एनएमसी. दोहोंवर ६० व्होल्ट, ३० अँपिअर-तास असेच छापले आहे. प्रत्यक्षात पहिल्यात ३.२ व्होल्टचे २० सेल एकसर जोडणीत आहेत, तर दुसऱ्यात ३.६ व्होल्टचे १७, त्यामुळे ऊर्जा कागदावरच १,९२० आणि १,८३६ वॉट-तास अशी वेगळी पडते.

मोटारीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॉटचे पाच जुने बल्ब एकसर जोडून, मध्ये वॉट-तास मोजणारा मीटर घालून, दोन्ही पॅक पूर्ण चार्ज करून उतरवले. एनएमसीचा व्होल्टेज हळूहळू खाली येत गेला आणि त्यावरून शिल्लक चार्जचा अंदाज बांधता आला. एलएफपीचा मात्र सुरुवातीला झटकन उतरून कितीतरी तास ६५-६६ व्होल्टवर खिळून राहिला आणि शेवटी एकदम कोसळला. आमच्या स्कूटरचा काटा केवळ व्होल्टेजवर चालतो. हरमलला गेलेल्या गिऱ्हाइकाला तो बॅटरी भरलेली दाखवील आणि परतीच्या वाटेवर गाडी बंद पडेल, ही माझी खरी धास्ती आहे. काट्याऐवजी शंटवर (प्रवाह मोजण्यासाठी वाटेत घातलेल्या अगदी कमी रोधाच्या पट्टीवर) अँपिअर-तास मोजणारा मीटर बसवल्यास, महिनोन्‌महिने वापरूनही तो भरवशाचा राहतो का?

दुसरी शंका चाचणीबद्दलच आहे. बल्ब जेमतेम साडेचार अँपिअर घेतात, पण चढावर मोटार ३० अँपिअरपर्यंत ओढते. दोन वेगळ्या प्रवाहांना व्होल्टेज किती पडतो हे पाहून, त्या फरकाला प्रवाहांच्या फरकाने भागून अंतर्गत रोध काढला, तर तेवढ्यावर तुलना करणे योग्य ठरेल का, की ठरावीक चढावर गाडी चालवूनच मोजावे?

गाड्या जून ते सप्टेंबर बहुतांशी उभ्याच असतात. एनएमसी पॅक उन्हाळ्याच्या उष्म्यात पूर्ण भरून ठेवल्यास लवकर झिजतो, म्हणून तो निम्मा भरून ठेवावा हे ठाऊक आहे. एलएफपीबाबतही तेच करावे काय, आणि मधल्या काळात बीएमएस, म्हणजे पॅकमधील सेलची राखण करणारे सर्किट, किती चार्ज खातो हे घरी कसे मोजावे?

जुने चार्जर मी आधीच बाजूला काढले आहेत. एलएफपीचा ७३ व्होल्टचा चार्जर चुकून एनएमसीला लागला, तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळजवळ ४.३ व्होल्ट येतील, म्हणून दोहोंच्या जोडण्याही वेगळ्या ठेवणार आहे. ज्यांनी असे पॅक किनाऱ्यालगतच्या दमट, खारट हवेत वापरले आहेत, त्यांनी कृपया आपली मोजमापे कळवावीत.