‘साथीत कामी आल्या’ असे लिहावे का?

दापोलीच्या वाचनालयात लावायच्या एका फलकाचा मजकूर लिहिताना असा प्रश्न निघाला की, परक्या देशातील युद्धात मदतीसाठी स्वेच्छेने गेलेल्या आणि तेथेच मरण पावलेल्या स्त्रियांबद्दल मराठीत कोणता शब्दप्रयोग करावा. फलकावर तिघींची नावे आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या आरंभी, सर्बियात टायफसची साथ पसरली, तेव्हा क्रागुयेवात्स येथे रुग्णसेवा करताना डॉ. एलिझाबेथ रॉस १४ फेब्रुवारीला वारल्या आणि मार्चमध्ये परिचारिका लुइसा जॉर्डन व स्वयंसेविका मॅज नील फ्रेझर यांचाही त्याच तापाने अंत झाला.

‘धारातीर्थी पडल्या’ हा प्रयोग येथे चालणार नाही, कारण त्यातील धार शस्त्राची आहे आणि टायफस पसरतो तो अंगावरील उवांमुळे. ‘वीरगती’लाही रणांगण लागतेच. ‘हुतात्मा’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण मराठी वाचकाला तो ऐकताच स्वातंत्र्यलढा किंवा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आठवते. शिवाय त्याचे स्त्रीलिंगी रूप रुळलेले नाही. ‘हुतात्मी’ कोणी म्हणत नाही, हे बरेच आहे.

माझे मत ‘कामी येणे’, म्हणजे लढाईत मरण येणे, या जुन्या प्रयोगाकडे झुकते. लष्करी पेन्शनरांची जुनी वस्ती असलेल्या कॅम्प दापोलीत ‘लढाईत कामी आला’ हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र एका तरुण सभासदाने आक्षेप घेतला की, आज त्याचा अर्थ ‘उपयोगी पडल्या’ एवढाच घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर विभक्तीत सापडते. ‘ओळख माझ्या कामी आली’ यात षष्ठी आहे, म्हणून उपयोगाचा अर्थ निघतो. ‘पानिपतावर कामी आले’ यात कोणाच्या कामी हे सांगितलेले नाही, केवळ प्रसंग किंवा स्थळ आहे, म्हणून मरणाचा अर्थ निघतो. तेव्हा ‘रुग्णांच्या कामी आल्या’ असे न लिहिता ‘सर्बियातील साथीत कामी आल्या’ असे लिहावे. त्यात उपयोगी पडल्याची छटा मागे राहिलीच, तर या तिघींच्या बाबतीत ती खोटी नाही.

‘सेविका’ एवढेच लिहू नये. आपल्याकडे त्या शब्दाने आधी अंगणवाडीच डोळ्यांपुढे येते.

त्याच युद्धात स्त्रियांची वैद्यकीय पथके उभारणाऱ्या डॉ. एल्सी इंग्लिस यांचे नाव जोडायचे असेल, तर मात्र हा प्रयोग वापरता येणार नाही. रशियातील सेवेच्या काळात आजारी पडलेल्या इंग्लिस ब्रिटनला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी, २६ नोव्हेंबर १९१७ रोजी, न्यूकॅसल येथे वारल्या. त्यांच्या नावापुढे साधे ‘निधन’ लिहावे.